बिछान्यावरच्या माणसाची तक्रार कुणी नोंदवायची?

कांजूरमार्गला पावसाळ्यात वारा फिरला की डम्पिंगचा वास घरात शिरतो. मग आम्ही खिडक्या लावून घेतो. खिडक्या बंद झाल्या, रेल्वेचा आवाज कमी झाला, की भिंतीपलीकडचं सगळं स्पष्ट ऐकू येतं. आमच्या जुन्या इमारतीतल्या भिंती चार इंचांच्या आहेत.

पलीकडे एक चाचा राहत. मूळचे रायगडातले. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. घशातून फक्त एक घोगरा आवाज निघायचा. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. त्यामुळे ब्युरोतून माणूस ठेवला होता, सकाळी आठ ते रात्री आठ. मुलगा वाईट नव्हता, सूनही नव्हती. पगारातला मोठा भाग त्या माणसावर जात होता आणि रात्रीची सगळी सेवा ती दोघं करत होती.

दिवसा मात्र भिंतीतून आवाज यायचे. आधी शिव्या, मग चापटी. चाचा पाणी मागतायत हे त्या घोगऱ्या आवाजावरून मला कळायला लागलं होतं, आणि ते दिलं जात नाही हेही. पाणी जास्त प्यायलं की डायपर जास्त वेळा बदलावा लागतो, एवढंच त्यामागचं गणित होतं. मी तीन आठवडे गप्प राहिलो. दुसऱ्याच्या घरात कशाला पडा, असं स्वतःला सांगत राहिलो. शेवटी एका शुक्रवारी नमाजनंतर मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. तो आधी माझ्यावरच रागावला. रात्री वडिलांच्या अंगावरचे वळ त्याने नीट पाहिले आणि ब्युरोला फोन केला. दुसऱ्या दिवशी नवा माणूस आला. ब्युरोवाल्याने फोनवर जे उत्तर दिलं ते मुलाने मला जसंच्या तसं सांगितलं : ‘टेन्शन घेऊ नका, त्याला दुसरीकडे लावलंय.’

हे ‘दुसरीकडे’ माझ्या डोक्यातून गेलं नाही. कुणाच्या तरी भिंतीपलीकडे तो माणूस आता दुसऱ्या एखाद्या चाचांना पाणी नाकारत असेल. मी इतिहास वाचणारा माणूस आहे, वकील नाही. तरी त्या दिवसापासून एक प्रश्न घेऊन जुने कायदे वाचत गेलो. अंथरुणाला खिळलेल्या, स्वतः बोलू न शकणाऱ्या प्रौढ माणसावर घरात अत्याचार होत असेल, तर त्या दारावर टकटक करणं सरकारदरबारी नेमकं कुणाचं काम आहे?

१८५८ चं एक कलम

पहिलं उत्तर सापडलं ते माझ्या अपेक्षेपेक्षा फार जुनं होतं. उठाव नुकताच चिरडला गेला होता, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं राज्य येत होतं, त्या १८५८ साली सरकारने वेड्यांविषयी तीन कायदे केले. पस्तिसावा कायदा जिल्हा न्यायालयांनी वेड्यांच्या मालमत्तेची व्यवस्था कशी लावायची याचा होता. छत्तिसावा वेड्यांच्या इस्पितळांचा. त्याचा मुख्य हेतू रस्त्यावर फिरणाऱ्या वेड्यांना उचलून आत ठेवणं हा होता, यात शंका नाही. पण त्यात एक वेगळं कलमही होतं. वेडा समजला जाणारा माणूस नातेवाइकाच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या ताब्यात आहे आणि तिथे त्याचा छळ किंवा हेळसांड होते आहे, असं पोलिसांच्या अहवालावरून किंवा इतर कुणाही माणसाच्या माहितीवरून दिसलं, तर मॅजिस्ट्रेट त्याला आपल्यासमोर आणवू शकत होता आणि सांभाळणाऱ्यालाही बोलावू शकत होता.

‘इतर कुणाही माणसाच्या माहितीवरून’ हे शब्द मी दोनदा वाचले. शेजाऱ्याला तक्रार करता यावी एवढी सोय या देशात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झाली होती.

१९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने ही तरतूद पुढे चालवली आणि पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने अशी गोष्ट कळताच मॅजिस्ट्रेटला कळवलीच पाहिजे, असं बंधन घातलं. याच कायद्यात आणखी एक कलम आहे. वेड्याचा जो कायदेशीर वारस असेल, त्याला त्याच्या शरीराचा पालक शक्यतो नेमू नये. नेमायचंच असेल तर न्यायालयाने कारणं लिहून ठेवावीत. ज्याला मृत्यूनंतर खोली मिळणार आहे, त्याच्याच हातात जिवंतपणीचं औषधपाणी पूर्णपणे देऊ नये, इतकी साधी ही समज आहे. आज आपल्या उपनगरांत दहा बाय पंधराच्या खोलीची किंमत पाहता ती समज किती खरी होती ते कुणालाही कळेल.

पण हे सगळं फक्त ‘वेड्यां’साठी होतं. लोकांच्या तोंडी या व्यवस्थेचा एकच अर्थ उरला. १९०१ साली नौपाड्याला मनोरुग्णालय सुरू झालं आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ ही म्हण झाली. घरात छळ होणाऱ्या रुग्णाला वाचवायलाही कायदा आहे, हे कुणाला ठाऊक झालं नाही. ठाणं म्हणजे घरातली अडचण बाहेर नेऊन टाकायची जागा, एवढंच डोक्यात राहिलं.

दोनशे रुपये दंड

दुसरं उत्तर सापडलं मेकॉलेच्या परंपरेतल्या भारतीय दंड संहितेत. ती १८६० साली मंजूर झाली. तिच्या कलम ४९१ मध्ये जणू आमच्या चाचांच्या खोलीचं वर्णन आहे. लहान वय, मनाची दुर्बलता, आजार किंवा शारीरिक अशक्तपणा यामुळे जो स्वतःची गरज भागवू शकत नाही, अशा माणसाची सेवा करण्याचा करार ज्याने केला आहे, त्याने जाणूनबुजून ती केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड.

हे कलम त्या संहितेच्या एका विचित्र प्रकरणात होतं. ते प्रकरण नोकरांनी करार मोडण्याच्या गुन्ह्यांचं होतं. आजूबाजूची दोन कलमं, म्हणजे प्रवासात आणि दूरच्या मजुरीत करार मोडणाऱ्या नोकराला शिक्षा करणारी, १९२५ साली रद्द झाली. मधलं एकटं ४९१ उरलं. मुळात साहेबाला आजारपणात सोडून जाणारा नोकर हा त्याचा विषय असावा, असं मला वाटतं. आजाऱ्याचं दुःख त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी नाही, मोडलेला करार आहे.

ते एका तपशिलात दिसतं. हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून अटक करू शकत नाहीत. आणि तो आपसात मिटवता येतो. मिटवण्याचा अधिकार कुणाला? ज्याने करार केला त्याला. बिछान्यावरच्या माणसाला नाही. चाचांच्या अंगावर वळ उठले, पण तडजोड करण्याचा हक्क मुलाचा. आमच्याकडे नेमकं तेच झालं. मुलाने फोन केला, ब्युरोने माणूस बदलला, प्रकरण मिटलं. कायद्याचं नावही न घेता आम्ही कायद्याप्रमाणेच वागलो होतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिथे हेच कलम ३५७ क्रमांकाने आलं आहे. कैद तीन महिन्यांचीच, दंड मात्र दोनशेवरून पाच हजार. दीडशेहून अधिक वर्षांत या अपराधाविषयी देशाने केलेला विचार एवढाच.

नफका, पोटगी आणि कल्याणची मुलगी

तिसरा धागा आपल्या, म्हणजे मुसलमानांच्या घरातून जातो. इस्लामी न्यायशास्त्रात गरजू आईबापाचा नफका मुलांवर वाजिब आहे. हिंदुस्थानातल्या न्यायालयांनी जो मुस्लिम कायदा चालवला त्यातही ऐपतदार मुलांनी गरीब आईबापाला पोसलं पाहिजे हे मान्य होतं, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नव्हता. ब्रिटिशांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रियेत मात्र पोटगी मिळायची ती बायकोला आणि मुलांना. म्हाताऱ्या बापाने मॅजिस्ट्रेटकडे जायची सोय नव्हती. ती आली १९७३ च्या संहितेत, कलम १२५ मध्ये, १९७४ पासून.

त्या कलमातल्या आईबापाच्या पोटगीविषयीचा एक मोठा निकाल आमच्याच मध्य रेल्वेच्या मार्गावरून गेला. एका बापाने कल्याणच्या आपल्या विवाहित डॉक्टर मुलीकडे पोटगी मागितली. मुलीच्या बाजूने म्हणणं असं होतं की कलमात ‘त्याचे’ वडील असं पुल्लिंगी सर्वनाम आहे, म्हणजे जबाबदारी मुलाची. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली अरबट खटल्यात सांगितलं की मुलगीही जबाबदार आहे. हा निकाल वाचताना मला वाटलं, आपल्या फिकहमध्ये जी गोष्ट शतकानुशतकं होती, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सिद्ध करावी लागली. पण अभिमानाने छाती फुगवावी असंही काही नाही. कारण आपल्या मोहल्ल्यात ‘आईबाप म्हणजे मुलाची जबाबदारी’ हेच आपणही म्हणतो, आणि प्रत्यक्षात सेवा करते ती सून किंवा घरी परत आलेली तलाकशुदा मुलगी.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९८६ साली, शाहबानो प्रकरणानंतर मुस्लिम महिलांचा कायदा आला. त्याच्या इद्दतपर्यंतच्या तरतुदीवर इतकी भांडणं झाली की चौथ्या कलमाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. स्वतःला पोसू न शकणाऱ्या तलाकशुदा बाईची जबाबदारी आधी मुलांवर, मग आईबापावर, मग इतर नातेवाइकांवर आणि कुणीच नसेल तर राज्याच्या वक्फ बोर्डावर, असं ते कलम सांगतं. म्हातारपणी भावाच्या घरात कोपऱ्यात पडलेल्या फुफीच्या मागे कायद्याने एक संस्था उभी केली होती. आपल्यापैकी किती जणांनी त्या दारावर थाप मारली?

या सगळ्या कायद्यांत एक उणीव समान आहे. ते पैशाविषयी बोलतात. चाचांना पैशाची कमी नव्हती. त्यांना पाण्याची कमी होती.

घरातला जुलूम कायद्याला दिसू लागला

पश्चिमेकडेही हा विषय फार जुना नाही. १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरने पत्र लिहून म्हाताऱ्या बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीकडे लक्ष वेधलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनाही ते नवं वाटलं. आपल्याकडे त्याच काळात घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्याची गाठ पडायची ती १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याशी. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि फिरतोय, एवढ्यावर त्याला भिकारी ठरवून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात पाठवता येत होतं. मुलाने हाकललं आणि कायद्याने पकडलं ते बापाला.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पहिल्यांदा ‘स्थानिक’ हा शब्द गांभीर्याने घेतला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुअपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवायची. त्यात जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि स्वतः एक अपंग व्यक्ती. ही समिती पालक नेमते. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा, आणि छळ किंवा हेळसांड केली तर समिती त्याला काढू शकते. १९१२ च्या कायद्यातली वारसाविषयीची शंका इथे हिशेबाच्या वहीत उतरली.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आपण बायकोसाठीचा समजतो. तो घरातल्या आईसाठी आणि बहिणीसाठीही आहे. मुंबईतल्या एका आईने आणि तिच्या मुलीने मुलगा, सून आणि दोन मुलींविरुद्ध तक्रार केली. कायद्यात मात्र तक्रार ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच करता येईल असं होतं. मुंबई उच्च न्यायालयात सून आणि मुली त्या एका शब्दावर सुटल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये, हरसोरा खटल्यात, ‘प्रौढ पुरुष’ हे शब्दच रद्द झाले. घरात जुलूम करणारा हात नेहमी पुरुषाचाच नसतो, हे सिद्ध व्हायला अकरा वर्षं लागली.

मधल्या काळात २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला. महाराष्ट्राने तो २००९ पासून लागू केला आणि २०१० साली नियम केले. न्यायाधिकरण प्रांत अधिकाऱ्याच्या दर्जाचं, अपील जिल्हाधिकाऱ्याकडे, वकिलाची गरज नाही, पोटगी दरमहा दहा हजारांपर्यंत. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. बक्षीसपत्र केलं आणि हात कापून बसलो, अशी अवस्था झालेल्या आईबापासाठी हे मोठं हत्यार आहे. हा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. ज्येष्ठाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठेतरी सोडून येणाऱ्याला तीन महिन्यांची कैदही आहे.

तरीही एक गोष्ट पाहा. सोडून देणं गुन्हा आहे. घरात ठेवून पाणी न देण्याबद्दल हा कायदा गप्प आहे. ‘छळ’ या शब्दाची व्याख्याच त्यात नाही. २०१० च्या नियमांनी पोलीस ठाण्यांना ज्येष्ठांची यादी ठेवायला, एकट्या राहणाऱ्यांना महिन्यातून एकदा भेटायला, मागणी केल्यास नोकराची पार्श्वभूमी तपासायला सांगितलं. हे चांगलंच आहे. पण यामागची कल्पना चोराची आहे. धोका बाहेरून येणार, दागिने नेणार. मुला-सुनेबरोबर राहणारे चाचा ‘एकटे’ नव्हते, म्हणून ते अशा यादीत येणारच नव्हते. दिवसाचे बारा तास ते जगातले सर्वात एकटे माणूस होते.

जे कलम मला आधी माहीत असायला हवं होतं

या शोधात मला सर्वात जास्त लाज वाटली ती २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचताना. त्याचं सातवं कलम म्हणतं की दिव्यांग व्यक्तीचा छळ, हिंसा किंवा शोषण झालं आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे, असं वाटणारा कुणीही माणूस कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. दंडाधिकाऱ्याने ताबडतोब ते थांबवायचं. सुटका, सुरक्षित जागा, पोटगी, सगळ्याचे आदेश तो देऊ शकतो. पोलिसाच्या कानावर गेलं तर पीडिताला हा हक्क सांगणं पोलिसाचं कर्तव्य आहे. आणि ९२ व्या कलमात एक ओळ अशी आहे की ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे, त्याने जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड.

अन्न किंवा पाणी. मी भिंतीला कान लावून बसलो होतो तेव्हा हे कलम अस्तित्वात होतं. लकव्याने कायमची गेलेली बाजू हे अपंगत्वच आहे. मी ‘कुणीही माणूस’ होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही १९१२ चं ते जुनं बंधन आलेलं आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाचा घरात छळ किंवा हेळसांड होत असेल तर ठाणे अंमलदाराने मॅजिस्ट्रेटला कळवायचं आहे.

मग अडतं कुठे? कांजूरमार्गचा नकाशा समोर ठेवला की कळतं. महापालिकेचं आमचं कार्यालय भांडुपच्या ‘एस’ विभागात. महसुलात आम्ही कुर्ला तालुक्यात. १९९० साली मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला, त्याचे जिल्हाधिकारी बांद्र्याला. पोटगीचं न्यायाधिकरण प्रांतांकडे, अपंगाच्या छळाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, मतिमंद प्रौढाच्या पालकाविषयीची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, आईवरच्या हिंसेची संरक्षण अधिकाऱ्याकडे, मारहाणीची पोलिसांकडे. माणूस एक, बिछाना एक, दारं पाच. प्रत्येक दारावर पाटी वेगळी : ज्येष्ठ, अपंग, महिला, मनोरुग्ण. चाचा ज्येष्ठ आणि अपंग दोन्ही होते, आणि यातल्या कुठल्याही कार्यालयाचा जिना त्यांना चढता येत नव्हता.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टच्या ४२ व्या कलमाने हे काम एकाच जागी ठेवलं आहे. परावलंबी प्रौढाचा छळ होत असल्याचा वाजवी संशय आला की चौकशी करणं हे स्थानिक कौन्सिलचं कर्तव्य. अमेरिकेतल्या राज्यांतही प्रौढांच्या संरक्षणासाठी वेगळी सेवा आहे. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पण फोन कुणी उचलायचा आणि दारापर्यंत कुणी जायचं, याचं उत्तर कायद्यात एका शब्दात आहे.

आपल्याकडेही ते उत्तर जवळ आलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. त्यात छळाची व्याख्या होती, घरी जाऊन सेवा देणाऱ्यांसाठी किमान दर्जा ठरवण्याची तरतूद होती, प्रत्येक पोलीस ठाण्यात एक जबाबदार अधिकारी होता. ते स्थायी समितीकडे गेलं, परत आलं, आणि २०२४ साली लोकसभेची मुदत संपली तेव्हा मंजूर न होताच बाद झालं. त्यामुळे आज खाटांचं नर्सिंग होम काढायचं तर १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, परिचारिकेला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, पण एका खोलीत फोन ठेवून घरोघरी माणसं पाठवणारा ब्युरो या दोन्हींत बसत नाही. म्हणून ‘दुसरीकडे लावलंय’ हे वाक्य इतक्या सहज बोलता येतं. मारलं, याची नोंदच कुठे राहत नाही.

त्या माणसाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. बारा तास एका जड देहाला उचलणं, पुसणं, कूस बदलणं, हे काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पगारातून ब्युरोचं कमिशन जात होतं. सुट्टी घेतली तर पैसे कापले जात. याने त्याचा अपराध कमी होत नाही. पण त्याला फक्त राक्षस ठरवून आपण सुटतो, आणि व्यवस्था तशीच राहते.

दाराआड डोकावण्याचा प्रश्न

आता आपल्याविषयी. आपल्याकडे हा विषय निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ‘इस्लाममध्ये आईबापाचा दर्जा किती मोठा आहे!’ खरं आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आईबापासमोर त्रासिक उद्गारही काढू नये इथपर्यंत बजावलं आहे. पण या शिकवणीचा आपण पडदा करून टाकला आहे. आमच्याकडे असं होतच नाही, असं म्हणण्यासाठी आपण ती वापरतो. देशव्यापी ‘लासी’ सर्वेक्षणात साठीपुढच्या सुमारे पाच टक्के लोकांनी वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक दहा कोटींहून जास्त होते. हे लोक सगळे दुसऱ्याच मोहल्ल्यात राहतात का? आणि हे झालं सांगू शकणाऱ्यांचं. चाचांना प्रश्न विचारला असता तर उत्तर काय आलं असतं?

दुसरं उत्तर असतं पडद्याचं : घरची गोष्ट घरात. इथे मला अकराव्या शतकातल्या बगदादचे शाफई फकीह अल-मावर्दी आठवतात. कोकणी मुसलमान शाफईच, म्हणून त्यांचं नाव मुद्दाम घेतो. राज्यव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी मुहतसिबवर, म्हणजे बाजार आणि सार्वजनिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्यावर, एक प्रकरण लिहिलं आहे. मुहतसिबने लोकांच्या दाराआड डोकावू नये, झाकलेलं उकरू नये, हा त्यांचा नियम. पण ते अपवाद सांगतात. ज्याची भरपाई पुन्हा होऊ शकणार नाही अशी गोष्ट, उदाहरणार्थ कुणाचा जीव, दाराआड धोक्यात आहे असं विश्वासू माणसाने कळवलं, तर शोध घेण्याची मुभा आहे. म्हणजे घराचा पडदा मोठा आहे, पण जिवापेक्षा मोठा नाही. सगळी मदार त्या कळवणाऱ्या विश्वासू माणसावर आहे. १८५८ च्या कायद्याचा ‘इतर कुणीही’, २०१६ च्या कायद्याचा ‘कुणीही माणूस’ आणि मावर्दींचा विश्वासू खबर देणारा, तिघे एकच आहेत. तो म्हणजे शेजारी.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. आपल्या मशिदींच्या कमिट्या जकातीच्या आणि विधवांच्या याद्या ठेवतात. त्यात अंथरुणाला खिळलेल्यांची एक यादी घालावी, मग घरात माणसं असोत वा नसोत. आठवड्यातून एकदा, वेळ न कळवता, कुणीतरी जाऊन बसावं. चाचांना पाणी स्वतःच्या हाताने पाजावं. अंगावर वळ दिसले तर माणूस बदलून गप्प बसू नये. तारीख, वेळ, काय ऐकलं, काय पाहिलं हे कागदावर लिहावं आणि दिव्यांग कायद्याचं सातवं कलम नमूद करून तो कागद तहसीलदारांकडे आणि पोलीस ठाण्यात द्यावा, पोच घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे शेजारीही फोन करू शकतो. ब्युरोकडून माणूस घेताना आधीच्या घराचा नंबर मागावा आणि त्या घरी खरंच फोन करावा. तो सोडून का गेला, एवढंच विचारावं.

हा शेवटचा फोन कुणी केला असता तर चाचांचे ते महिने वाचले असते. कारण मुलाने नंतर माग काढला तेव्हा कळलं, आधीच्या घरातूनही त्याला असंच ‘दुसरीकडे’ लावलं होतं. ते दुसरीकडे म्हणजे आमची इमारत होती.

चाचा त्यानंतर सात महिने जगले. नवा माणूस चांगला होता, त्यांना खिडकीशी बसवायचा. मी संध्याकाळी जायचो, ते डाव्या हाताने माझा हात धरून ठेवायचे. ते मला माफ करत होते की नुसतेच सोबत मागत होते, हे मला कधी कळलं नाही. तीन आठवडे मी गप्प होतो, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. त्यांना ते आधीच माहीत असणार. भिंत चार इंचांचीच होती, माझ्या घरातला टीव्ही त्यांनाही ऐकू येत असेल.